वाटा वाचल्या, वाटाड्या गेला
अमिताव घोष यांची ‘द हंग्री टाइड’ (२००४) ही सुंदरबनातली कादंबरी आम्ही शिक्षकांना जरूर सुचवू. भरती-ओहोटी, खाड्या, खारफुटी त्यात जिवंत होतात. शेवट मात्र खटकतो. वादळात संशोधक पियाला स्वतःच्या अंगाचा आडोसा देणारा मासेमार फोकिर मरतो. त्याने दाखवलेल्या जलमार्गांची नोंद तिच्या जीपीएस यंत्रात उरते. ज्ञान वाचले, ज्ञानी नाही! शेजारी काय घडले पाहा. आजच्या बांगलादेशात १९७० च्या चक्रीवादळाने सुमारे तीन लाखांहून अधिक बळी घेतले. २००७ च्या ‘सिद्र’ने साडेतीन हजारांच्या आसपास. दरम्यान निवारे उभे राहिले, गावचेच स्वयंसेवक इशारे पोहोचवू लागले. समुद्राची पातळी वाढत असताना वर्गात विचारावे : फोकिरपर्यंत इशारा वेळेवर का पोहोचला नाही?