‘सर्व ऋतूंची इमारत’ म्हणजे नेमकं काय?



आजचा विषय शाळेची इमारत, आणि तिच्यात पाच-सहा तास बसणाऱ्या मुलाला काय वाटतं हा. चामटोलीत जमलो आहोत, तर हवाही इथलीच घेऊ, बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यातली.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्याच्या परिशिष्टात शाळेत काय काय असावं याची यादी आहे. शिक्षकामागे किमान एक खोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान, कुंपण. आणि इमारतीबद्दल एक अट आहे: ती सर्व ऋतूंत वापरता येईल अशी हवी. आमची टीका या अटीवर नाही, तिच्या अर्थावर आहे. व्यवहारात आपण तिचा अर्थ ‘पक्की इमारत’ एवढाच लावला. विटांच्या भिंती, वर स्लॅब, रंग दिला, भिंती ‘बोलक्या’ केल्या, झालं. पण इमारत पक्की असली म्हणजे बाराही महिने तिच्यात नीट बसता येतं असं नाही.

पॅसिव्ह डिझाइन हा शब्द हल्ली सारखा कानावर येतो. यंत्राच्या आधी इमारतीनंच हवामान सांभाळायचं, म्हणजे दिशा, सावली, छप्पर, खिडक्या यांच्या जोरावर, एवढाच त्याचा अर्थ. यावर बोलताना बहुतेक जण मे महिन्यापासून सुरुवात करतात. मेमध्ये तर शाळा बंद असते! आपली शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि एप्रिलअखेर मिटते. म्हणजे वर्ग खरा वापरला जातो तो आधी भर पावसात, मग ऑक्टोबरच्या उकाड्यात, आणि शेवटी मार्च-एप्रिलच्या उन्हात. शाळेची परीक्षा या तीन पेपरांत घ्यायला हवी.

पहिला पेपर पावसाचा. इथला पाऊस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, हजाराहून जास्त प्रवासी बाहेर काढावे लागले. अशा दिवसांत वर्गात काय होतं? झड आत येते, पहिल्या बाकावरची वह्या-दप्तरं भिजतात, म्हणून खिडक्या लावून घेतात. मग अंधार, कोंदट हवा, ओल्या कपड्यांचा वास. बसलेलं एक मूल साधारण ६० वॉट उष्णता अंगातून टाकतं असं धरा. पन्नास मुलं म्हणजे ३ किलोवॉट, वर्गात तीन इस्त्र्या चालू ठेवल्यासारखं. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि तो वाळवणारा वारा तर आपण खिडकीबाहेर ठेवलेला. डोक्यावर नुसता पत्रा असेल तर शिक्षकांचा आवाज तिसऱ्या बाकापुढे जात नाही, ते वेगळंच.

इथे एक खरा पेच आहे. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून-पश्चिमेकडून येतो. झडही तिकडूनच येते, आणि उन्हाळ्यात दुपारचं तिरपं ऊनही. वारा हवा तर पश्चिम उघडा, ऊन-पाऊस नको तर पश्चिम बंद करा. कोकणातल्या जुन्या घरानं यावर उत्तर काढलं होतं, पडवी. खोल, उतरत्या छपराची पडवी ऊन अडवते, झड अडवते आणि वारा तेवढा आत सोडते. शाळांना व्हरांडा असतो, नाही असं नाही. पण तो बहुतेक वेळा मैदान ज्या दिशेला असेल तिकडे तोंड करून येतो, झड कुठून येते हे बघून नाही. समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला वाट नसेल, तर एका बाजूच्या खिडक्यांचा उपयोग अर्धाच. शहरी पद्धतीच्या इमारतीत मधे बोळ आणि दोन्हीकडे वर्ग, तिथे तर आरपार वारा मिळणं फारच कठीण. भिंत कितीही बोलकी असो, पावसात उघडी राहणारी खिडकी नसेल तर ती इमारत सर्व ऋतूंची नाही.

आता उन्हाचा पेपर. आपण साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी इथे शून्य सावलीचा दिवस येतो, आणि एप्रिलातही भरदुपारी सूर्य जवळपास डोक्यावरच असतो. म्हणजे सगळ्यात जास्त ऊन भिंती खात नाहीत, छप्पर खातं. उघडा स्लॅब सकाळपासून तापत जातो आणि दुपारी खाली ताव सोडू लागतो, नेमका दुपारच्या पाळीच्या मुलांच्या डोक्यावर. पंखा हवा हलवतो, त्यानं थोडं बरं वाटतं. छताचा ताव मात्र पंख्यानं थांबत नाही.

जुन्या कौलारू शाळेत कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जायची. तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. दरवर्षी शाकारणी करावी लागे, आणि ती चुकली की गळती ठरलेली. पण बघा, आज गळतीसाठीच आपण गच्चीवर पत्र्याची शेड टाकतो. बाजू मोकळ्या ठेवल्या तर ही शेड स्लॅबला दिवसभर सावली देते आणि मधून वारा खेळतो. बुर्किना फासोमधल्या गांदो गावी फ्रान्सिस केरे यांनी २००१ मध्ये बांधलेल्या शाळेचं तत्त्व हेच आहे. मातीच्या विटांचं, भोकं ठेवलेलं छत, आणि त्याच्यावर उंच उचललेला पत्रा. त्या शाळेला २००४ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. आपल्याकडे अर्धी गोष्ट आयती झालेली असते, आणि मग खोल्या कमी पडल्या की त्याच शेडखाली वर्ग भरवून आपण ती बिघडवतो.

मात्र बाहेरचं सगळंच उचलायचं नाही. जैसलमेरजवळची राजकुमारी रत्नावती मुलींची शाळा फोटोत फार देखणी दिसते. पिवळा दगड, जाळ्या, मधे अंगण. वाळवंटाच्या कोरड्या हवेत ते शोभतं आणि चालतंही. आपल्याकडे तशीच उघडी जाळी नैर्ऋत्येला लावली तर जुलैत वर्गात तळं होईल. ‘उष्ण कटिबंधातली शाळा’ अशी एक शाळा नसतेच. छपराची युक्ती इथे लागू पडते, जाळीची विचारपूर्वकच घ्यावी लागते.

आता सुखकारकतेच्या मापाबद्दल. सेप्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी भारतीय हवेसाठी एक सूत्र दिलं आहे. गेल्या काही आठवड्यांचं बाहेरचं सरासरी तापमान ०.५४ नं गुणा, १२.८३ मिळवा. बाहेर ३० अंश असेल तर आत सुमारे २९ अंश माणसाला सुसह्य वाटतं. वातानुकूलनाशिवाय भागतं, हे या सूत्रानं आकड्यांत मांडलं, ते मोलाचं आहे. पण हा अभ्यास पाच शहरांतल्या कार्यालयांत झाला, प्रौढ माणसांवर. माणूस हवेशी जुळवून घेतो तो हातपाय हलवून: खिडकी उघडतो, पंखा वाढवतो, जागा बदलतो, पाणी प्यायला उठतो. चौथीतल्या मुलाला यातलं काय करता येतं? उठायलासुद्धा बोट वर करावं लागतं. ज्याला काहीच बदलता येत नाही, त्याच्यासाठी इमारतीनं जास्त करायला हवं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, कुरणशाळा चालवली. गुरं राखणाऱ्या मुलांपर्यंत शाळाच कुरणात गेली. मुलानं शाळेशी जुळवून घ्यायचं, हा नियम त्यांनी उलटा केला.

आपण आज काय करतो? १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या कार्यक्रमात उष्माघातानं माणसं दगावली, आणि त्याच आठवड्यात शाळांना २१ एप्रिलपासून सुट्टी जाहीर झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन म्हणालं, मुलांची झोप व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका. मार्च २०२५ मध्ये उन्हामुळे आदेश आला, शाळा सकाळी ७ ला भरवा. प्रत्येक आदेशामागचं कारण खरं आहे. पण तिन्ही वेळा हललं ते घड्याळ आणि कॅलेंडर. छप्पर जागच्या जागी राहिलं. इमारतीची उणीव मुलांच्या झोपेतून आणि शिकवण्याच्या दिवसांतून भरून काढली जाते आहे, आमचा आक्षेप एवढाच आहे.

आणि हे बदलायला नवी इमारतच लागते असं नाही. त्याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणं हे तिचं काम आहे. पुढच्या बैठकीत तीन प्रश्न लिहून न्या. जुलैच्या पावसात वर्गाच्या किती खिडक्या उघड्या राहतात? एप्रिलमध्ये दुपारी २ वाजता छताला खालून हात लावला तर किती वेळ ठेवता येतो? आणि वर्गात आलेला वारा बाहेर कुठून जातो? उत्तरं बघा, आणि आराखड्यात रंगाच्या आधी छपराची सावली आणि पश्चिमेची पडवी लिहा. त्यानंतर मग भिंती बोलक्या करू, त्याला आमची ना नाही.