एम एफ ग्लोबलवरचा गिडन्स अहवाल: वाचा, पण असा वाचा

फ्यूचर्सवर संशोधन करायचं ठरवलंत की कुणीतरी तुम्हाला एम एफ ग्लोबलची केस वाचायला सांगणारच. अमेरिकेतला हा मोठा फ्यूचर्स ब्रोकर ३१ ऑक्टोबर २०११ ला दिवाळखोरीत गेला आणि ग्राहकांच्या पैशांत सुमारे १६० कोटी डॉलरची तूट निघाली. जेम्स गिडन्स हे विश्वस्त नेमले गेले आणि त्यांचा तपास अहवाल जून २०१२ मध्ये आला. या विषयावर वाचण्यासारखं जे आहे, त्यात मी तो वरच्या जागी ठेवेन. तरीही माझे त्यावर आक्षेप आहेत.

आधी एक शब्द साफ करून घेऊ. शेअरबाजारात 'मार्जिन' म्हटलं की उसन्या पैशावर खरेदी असा अर्थ निघतो. फ्यूचर्समध्ये तसं नाही. तिथे ती अनामत असते. इसारही नाही, कारण इसार किमतीतून वळता होतो आणि तो फक्त घेणारा देतो. इथे घेणारा आणि विकणारा दोघंही भरतात. रोज बाजार बंद झाला की नफा-तोटा खात्यात पडतो. हे पैसे ब्रोकरकडे असतात, पण ब्रोकरचे नसतात. कायदा सांगतो, वेगळे ठेवा.

'वेगळे' म्हणजे काय, हे गिडन्स अहवाल इतर कुणापेक्षाही नीट दाखवतो. आपल्या डोळ्यांसमोर कुलूपबंद पेटी येते. प्रत्यक्षात ते एक गणित होतं. दिवसातून एकदा करायचं, आदल्या दिवसाच्या अखेरच्या आकड्यांवर. शिवाय परदेशी बाजारांत व्यवहार करणाऱ्या ग्राहकांसाठी नियमात 'पर्यायी पद्धत' होती. समजा ग्राहकाच्या खात्यात १० लाख आहेत आणि त्याच्या उघड्या व्यवहारांना ६ लाख मार्जिन लागतं. तर ढोबळमानाने ६ लाख बाजूला ठेवले की भागलं. उरलेले ४ लाख? ते कंपनीला वापरता यायचे. दिवसभर वापरायचे, संध्याकाळी परत ठेवायचे, असा रिवाज पडला. शेवटच्या आठवड्यात पैसे परत आलेच नाहीत.

गंमत बघा, कंपनीला बुडवलं तेही मार्जिननेच. तिने इटली, स्पेन वगैरे देशांच्या रोख्यांवर सुमारे ६३० कोटी डॉलरचा डाव लावला होता. त्यावर जादा मार्जिनची मागणी येत गेली आणि रोकड आटली.

आता आक्षेप. अहवाल लिहिणारा माणूस तटस्थ अभ्यासक नव्हता. ग्राहकांचे पैसे वसूल करणं हेच विश्वस्ताचं काम. कंपनीचे प्रमुख जॉन कॉर्झाइन आणि इतर अधिकाऱ्यांवर दावे होऊ शकतात, हे अहवालातच येतं. त्यामुळे कुणी कुणाला काय सांगितलं यावर भर असणं साहजिक आहे. फक्त हा दस्तऐवज उद्धृत करताना त्याचा हेतूही नोंदवा. प्रबंधात 'अहवालानुसार' एवढं पुरत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शेवटच्या दिवसांतली धावपळ, अपुरी यंत्रणा, ताण हे सगळं इतकं जिवंत उतरलंय की वाचणारा 'गोंधळात झालं' या निष्कर्षावर येतो. पण पर्यायी पद्धत गोंधळातून आलेली नव्हती. ती शांत काळातही कायदेशीर होती. ती बदला अशी शिफारस अहवाल करतो, आणि २०१३ मध्ये नियामकाने ती बदललीही. तरी वर्णनात ती पार्श्वभूमीसारखी राहते. माझ्या मते मुख्य पात्र तीच आहे.

आणि तो १६० कोटींचा आकडा. त्यातले साधारण ७० कोटी 'गायब' नव्हते, ते ब्रिटनमधल्या शाखा-कंपनीत अडकले होते आणि ब्रिटिश कायद्याखाली ते कुणाचे, हा वाद होता. उरलेले ९० कोटी देशांतर्गत ग्राहकांचे. दोन वेगळे प्रश्न एका बेरजेत घालून लिहिणारे लेख तुम्हाला ढिगाने सापडतील. त्यांच्यावरून कुठलं प्रतिमान उभं करू नका.

२०१४ मध्ये ग्राहकांचे पैसे पूर्ण परत मिळाले. म्हणून नुकसान शून्य, असं मांडणारेही आहेत. मग धान्याचा भाव सांभाळायला फ्यूचर्स घेतलेल्या शेतकऱ्याचं काय? व्यवहार दुसऱ्या ब्रोकरकडे गेले, पण अनामत अर्धवटच गेली. फरक खिशातून भरायचा, नाहीतर व्यवहार सोडायचा. हा खर्च मोजणारं काम मला हवं तितकं दिसत नाही.

आपल्याकडे विषय शोधत असाल तर इथून धागा निघतो. सेबीने डिसेंबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने 'पीक मार्जिन' आणलं: दिवसाअखेरीच्या आकड्यावर न थांबता दिवसात किमान चार वेळा, अवचित, मार्जिन तपासायचं. सप्टेंबर २०२१ ला ते १०० टक्क्यांवर गेलं. पण ही तपासणी ग्राहकाने भरलेल्या मार्जिनची. ब्रोकरच्या हातातल्या ग्राहकाच्या पैशाकडे बघायची वेळ कोणती, हा प्रश्न वेगळा आहे, आणि जुलै २०२३ पासून ते पैसे रोज क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे पोचवण्याचा नियम आल्यावर तो नव्याने विचारता येतो.