खटल्यात नसलेले गेम

ऑक्टोबर २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'गेम पास अल्टिमेट' या गेम-सेवेची वर्गणी अमेरिकेत महिन्याला २० डॉलरवरून ३० डॉलरवर गेली आणि पुन्हा तोच हिशेब सुरू झाला : सोनीचं परवडतं की मायक्रोसॉफ्टचं? या हिशेबाचा आता वीट आला आहे. मायक्रोसॉफ्टने केलेल्या ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डच्या ६८.७ अब्ज डॉलरच्या खरेदीवरून पावणेदोन वर्षं रण माजलं तेव्हाही हेच झालं. अमेरिकेच्या कोर्टात ॲक्टिव्हिजनच्या 'कॉल ऑफ ड्यूटी'चा कीस पाडला गेला, ब्रिटनमध्ये क्लाउड गेमिंगचा. वर्गणीच्या जोरावर कसले गेम जन्माला येतात, हे कुणीच विचारलं नाही.

खरा प्रश्न तोच होता. 'पेन्टिमेंट' हा गेम पाहा. सोळाव्या शतकातला बव्हेरिया, मठात राबणारा चित्रकार आंद्रेआस आणि एक खून. ध्वनिमुद्रित संवाद नाहीत. माणसं बोलतात ती अक्षरांच्या वळणातून. मठवासीयांचं बोलणं पोथीच्या लिपीत, शेतकऱ्याचं ओबडधोबड हस्ताक्षरात, मुद्रकाचं खिळ्यांच्या छपाईत. समोरचा माणूस शिकलेला आहे हे आंद्रेआसला उमगलं की त्या माणसाचं अक्षरच बदलतं. लिहिताना शब्द चुकतो, खोडला जातो, नीट उमटतो. माणसाची पायरी आपण किती पटकन ठरवून टाकतो, हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारा दुसरा गेम मी खेळलेलो नाही. गेम पास नसता तर हा गेम झाला नसता, असं दिग्दर्शक जॉश सॉयर यांनीच सांगितलं आहे.

'हाय-फाय रश'ही त्याच जातीचा. भयपटाच्या धाटणीचे गेम करणाऱ्या, मायक्रोसॉफ्टच्याच मालकीच्या टँगो गेमवर्क्सने तो जानेवारी २०२३मध्ये जाहीर केला आणि त्याच दिवशी गेम पासवर खेळायलाही दिला. नायकाची पावलं, झाडं, यंत्रं, सगळं एका ठेक्यावर हलतं आणि थोड्याच वेळात तो ठेका आपल्या बोटांत उतरतो.

सोनीचं प्लेस्टेशन प्लस म्हणजे नीट लावलेलं जुन्या गेमचं कपाट; स्वतःचे मोठे नवे गेम ते पहिल्या दिवशी देतच नाही. युबीसॉफ्ट आणि ईए यांनी आपापल्याच दुकानाला वर्गणी लावली आहे.

असले गेम वर्गणीवर घडवून दाखवले ते मायक्रोसॉफ्टनेच; म्हणून माझा राग मायक्रोसॉफ्टवर जास्त आहे. खरेदीच्या त्याच अमेरिकी खटल्यातून फुटलेल्या कागदांत 'बाल्डर्स गेट ३' गेम पासवर आणण्याचा अंदाजे खर्च ५० लाख डॉलर धरला होता. पुढे त्या गेमने वर्ष गाजवलं. गेमची पारख अशी, आणि जगायचं कुणी हे मात्र हेच ठरवणार! ऑक्टोबर २०२३मध्ये ॲक्टिव्हिजनची खरेदी पूर्ण झाली आणि मे २०२४मध्ये टँगो बंद करण्याचा निर्णय आला. 'हाय-फाय रश' सर्व प्रमुख निकषांवर यशस्वी असल्याचं कंपनीच्याच अधिकाऱ्याने आदल्या वर्षी जाहीर केलं होतं. स्टुडिओ बंदच्या घोषणेनंतर लगेच, प्रतिष्ठा आणि पुरस्कार मिळवून देणारे छोटे गेम हवेत, असं वरिष्ठांनी कर्मचाऱ्यांना सांगितल्याची बातमी आली. टँगोने दुसरं काय केलं होतं? स्टुडिओ पुढे क्राफ्टन या दुसऱ्या कंपनीने घेतला म्हणून वाचला.

धंद्यात तोटा कुणी सोसायचा, असं विचारणारे भेटतात. पण गेम वर्गणीत टाकला की विक्रीचा आकडा कंपनी स्वतःच पुसट करते आणि मग स्टुडिओने आपली कमाई दाखवायची कशी? तेव्हा किती जणांनी खेळला, किती जणांनी शेवटपर्यंत नेला आणि त्यापोटी स्टुडिओच्या खात्यात काय जमा झालं, हे कंपनीने प्रत्येक गेममागे उघड करावं. वर्गणी मोजणाऱ्यांनी पहिली मागणी हीच करायला हवी.