रहस्यकथा आणि शब्दबोध : ‘फास्टर फेणे’ मालेच्या निमित्ताने

भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्या ‘फास्टर फेणे’ मालेविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे, ते बहुतांशी नायकाच्या धाडसाविषयी, कथानकाच्या वेगाविषयी आणि लेखकाच्या विनोदाविषयी आहे. या पुस्तकांनी आपल्या वाचकांना किती आणि कोणत्या प्रकारचे मराठी शिकविले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारलेला नाही. बालवाङ्मयाची भाषा ‘सोपी’ असावी, एवढ्या अपेक्षेवर आपली समीक्षा थांबते. सोप्या भाषेतून नवा शब्द शिकता येत नाही, ही साधी गोष्ट त्या अपेक्षेत विसरली जाते.

फुरसुंगीचा बनेश फेणे जिभेने जो ‘ट्टॉक्’ असा आवाज काढतो, त्यापासूनच आरंभ करणे सोयीचे होईल. हा शब्द कोणत्याही कोशात नाही. त्याला व्युत्पत्ती नाही, लिंग-वचन नाही. ध्वनिदृष्ट्या तो मराठीच्या वर्णव्यवस्थेबाहेरचा आहे; लिपीने त्याला कसाबसा आकार दिला आहे, इतकेच. तरीही मालेतील दोन-तीन पुस्तके वाचलेल्या मुलाला तो अचूक कळतो. अचंबा, आनंद, युक्ती सुचल्याचा क्षण या छटा त्याला कोणी सांगितलेल्या नसतात. प्रसंग बदलत जातात, आवाज तोच राहतो आणि त्या दोहोंच्या ताळ्यातून अर्थ निवळतो.

आपल्याकडील न्यायशास्त्राला ही प्रक्रिया अपरिचित नव्हती. विश्वनाथाच्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त शक्तिग्रहाची, म्हणजे शब्दाचा अर्थ कळण्याची, जी आठ साधने मानली आहेत, त्यांत व्याकरण, कोश आणि आप्तवाक्य यांच्या जोडीला व्यवहार, वाक्यशेष आणि सिद्धपदसांनिध्य यांनाही स्थान आहे. ‘गाय आण’, ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ या आज्ञा आणि त्यांनुसार होणारी कृती पाहून बालक कोणते पद गेले असता कोणता अर्थ गेला, हे ताडते. याला आवापोद्वाप म्हणतात. गुप्तहेर दुसरे काय करतो? एक संशयित वगळला असता घटना घडते की नाही, हे तो तपासतो. रहस्यकथा वाचणारे मूल एकाच वेळी दोन तपास करीत असते, एक चोराचा आणि दुसरा शब्दाचा. दोहोंची पद्धती एकच असल्यामुळे पहिला तपास दुसऱ्याला बळ देतो.

हे साम्य केवळ शोभेचे नाही, हे मराठी रहस्यकथेच्या शब्दसंग्रहाकडे पाहिले असता ध्यानात येते. छडा, सुगावा, पाळत, दबा, बिंग, कानोसा ही नामे एकेकटी क्वचितच आढळतात. प्रत्येकाचे एका-दोन क्रियापदांशी लग्न लागलेले असते : पाळत ठेवतात, दबा धरतात, कानोसा घेतात, बिंग फुटते. सुगावा सहसा ‘लागतो’. छडा लागतोही आणि लावताही येतो. पहिल्यात शोधणाऱ्याच्या पदरी काही आपोआप पडते, दुसऱ्यात त्याचा प्रयत्न असतो. अकर्मक-सकर्मकाचा हा भेद व्याकरणाच्या तासाला मुलाला जड वाटतो; रहस्यकथेत मात्र नायकाला माहिती योगायोगाने मिळाली की त्याने ती मिळविली, यावर सारा रस अवलंबून असल्यामुळे तो आपसूक लक्षात राहतो. ‘छडा’ म्हणजे काय, हे सांगता न येणारे मूल ‘छडा लावणे’ निर्धास्तपणे वापरते. शब्दज्ञानाची खरी एकके शब्द नव्हेत, शब्दबंध होत, याचा याहून चांगला पुरावा शोधावा लागणार नाही.

स्थानिक अनुभवाचा प्रश्नही येथे येतो. कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीच्या मुलाला ‘माग’ हा शब्द शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक असतो. घराशेजारी अहोरात्र खडखडणारे यंत्रमाग त्याने ऐकलेले असतात. कथेत कोणी चोराचा ‘माग काढू’ लागला की हा मुलगा क्षणभर अडखळणार, आणि अडखळणे हाच त्याचा लाभ आहे, कारण शब्दाला दुसरा अर्थ असू शकतो हे त्याला तेथे प्रथम उमगते. पुढे ‘धागेदोरे’ हाती आले म्हणजे तर यंत्रमाग आणि चोर यांची त्याच्या मनात एक मौजेची गाठ पडत असेल. कोशाच्या दृष्टीने हे दोन ‘माग’ वेगळे; वाचकाच्या मनात ते शेजारी नांदतात. सीमाभागात कन्नड घरभाषा असलेल्या आणि मराठी वाचू लागलेल्या मुलाजवळ हा आधीचा अर्थ बहुधा नसतो. त्याची भिस्त सर्वस्वी वाक्यशेषावर असते, आणि म्हणून त्याला पुनरावृत्ती अधिक हवी.

तथापि या विवेचनावरून रहस्यकथा हा शब्दशिक्षणाचा राजमार्ग आहे, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. नेगी, हर्मन आणि अँडरसन यांनी १९८५ पासून केलेल्या अभ्यासांनी दाखविले की, वाचनात एकदाच भेटलेल्या अपरिचित शब्दाचा अर्थ मुलाच्या पदरी पडण्याची शक्यता फार थोडी असते. १९८७ च्या त्यांच्या अभ्यासात ती विसांत एक इतकीच भरली. याउलट सारागी, नेशन आणि माइस्टर यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अँथनी बर्जेस यांच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या कादंबरीतील बनावट बोलीचे शब्द वाचकांना शब्दार्थांच्या यादीवाचून सरासरी तीन-चतुर्थांशांहून अधिक प्रमाणात कळलेले आढळले. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी भासतात, पण तसे नाहीत. बर्जेस यांचे शब्द पुनःपुन्हा येतात आणि ते वगळून कथा पुढे सरकत नाही. वगळता येणारा शब्द वाचक वगळतोच. रहस्यकथेच्या वेगात तर तो निर्दयपणे वगळतो. एखाद्या वाड्याच्या वर्णनातील तुळई, कोनाडा, दिंडीदरवाजा हे शब्द उत्कंठेने पाने उलटणाऱ्या वाचकाच्या हाती लागणार नाहीत. त्याच कोनाड्यात किल्ली लपविलेली असेल, तर मात्र तो शब्द जन्मभर राहील. कोणता शब्द पुराव्याच्या जागी ठेवावा, ही लेखकाची निवड म्हणूनच भाषाशिक्षणाच्या दृष्टीने निर्णायक ठरते.

येथेच मालेचे महत्त्व आहे. एका पुस्तकाने जे साधत नाही, ते एकाच लेखकाच्या वीसेक पुस्तकांनी साधते, कारण लेखकाची लकब, त्याचे आवडते शब्दबंध आणि पात्रांचे बोलणे यांची पुनरावृत्ती वाचकाला न कंटाळविता होत राहते. बालवाङ्मयातील मालांकडे समीक्षक साचेबंदपणाचा दोष म्हणून पाहतात. तो दोष वाङ्मयीन असेल; भाषा शिकणाऱ्याच्या दृष्टीने तो गुण आहे.

पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थांची यादी जोडावी, अशी सूचना शिक्षकवर्गातून पुष्कळदा येते. पाठ्यपुस्तकात तिची जागा आहे. रहस्यकथेत ती वाचकाच्या हातून दुसरा तपास काढून घेईल. गुन्हेगाराचे नाव मुखपृष्ठावर छापण्यासारखेच ते आहे.

परंतु एका ठिकाणी वाक्यशेष अपुरा पडतो, आणि त्याकडे आजवरच्या चर्चेत दुर्लक्ष झाले आहे. मराठीतील चोरी-लबाडीच्या शब्दसाठ्यात ‘भामटा’, ‘उचल्या’ असे शब्द आहेत. संदर्भावरून मूल त्यांचा अर्थ बिनचूक ताडेल : फसविणारा, चोर. हे शब्द माणसांच्या समूहांनाही चिकटविलेले आहेत, हे मात्र कोणताही कथाप्रसंग त्याला सांगत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो १९५२ मध्ये कायद्याच्या पोथीतून पुसला गेला, शब्दांतून गेला नाही. ‘राजपूत भामटा’ हे नाव महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिले आणि १९८८ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या समाजातील मूल वर्गात रहस्यकथा वाचीत असेल, तर शेजारच्या बाकावरील मुलाला जो शब्द नव्याने कळतो, तो त्याला आधीच, वेगळ्या रीतीने, कळलेला असतो. शब्दार्थांची यादी येथेही उपयोगी पडत नाही. ‘भामटा – लबाड मनुष्य’ एवढीच नोंद ती करील, आणि वाक्यशेषाने जे सांगितले नाही, ते तीही सांगणार नाही.