हात ऐकतो, मन ऐकत नाही

बागेतला माणूस आपले केस उपटतो, कपाळ बडवून घेतो, बोटांत बोटे गुंतवून गुडघा आवळून धरतो. इ.स. 386 चा उन्हाळा सरत आला आहे. गाव मिलान, माणसाचे वय 31. आयुष्यातला सगळ्यात कठीण तास चालू आहे, आणि दहा-बारा वर्षांनी ‘कन्फेशन्स’च्या आठव्या भागात तो तास मांडताना ऑगस्टिन मध्येच थांबून त्या हातांकडे पाहतो. या सगळ्या हालचाली झाल्या, कारण मला त्या करायच्या होत्या, असे तो नोंदवतो. हात बांधलेले असते किंवा दुखण्याने लुळे पडले असते, तर इच्छा असूनही त्या झाल्या नसत्या. पण ज्या एका गोष्टीची त्याला याहून कितीतरी जास्त ओढ होती, जिच्यासाठी गाडी, जहाज, पाय काहीच लागणार नव्हते, नुसती इच्छा पुरे होती, ती मात्र होत नव्हती. मन हाताला हुकूम देते तेव्हा हात इतक्या सहज हलतो की हुकूम कुठे संपला आणि पालन कुठे सुरू झाले ते सांगता येत नाही. मन मनालाच हुकूम देते, तेव्हा देणारा आणि घेणारा एकच असूनही काम अडते. हे आक्रीत कुठले, असे तो पुन्हा पुन्हा विचारतो.

ख्रिस्ती धर्मविचारात सोळाशे वर्षे चाललेला एक वाद या हातांपाशी येऊन पोचतो. माणसाचे तारण होते ते त्याने देवाला होकार दिल्यामुळे, की देवाने त्याला आधीच आपल्याकडे ओढून घेतल्यामुळे? होकार माणसाचा असेल तर कृपा कशाला म्हणायचे, आणि ओढ देवाची असेल तर माणसाला जबाब कसला विचारायचा? 1524 मध्ये इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिले, 1525 मध्ये ल्यूथरने त्याला कडाडून उत्तर दिले. 1618-19 मध्ये डच धर्मसभेने डॉर्ट येथे माणसाच्या होकाराला जागा ठेवणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांचे म्हणणे फेटाळले. अठराव्या शतकात वेस्ली आणि व्हाइटफील्ड यांच्या मैत्रीत याच प्रश्नावरून फट पडली. अहमदनगरचे अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल परंपरेतले, मेथडिस्ट मंडळ्या वेस्लीच्या वाटेच्या. त्यामुळे देवाची ओढ आणि माणसाचा होकार, हे दोन्ही सूर मराठी प्रार्थनामंदिरांतही पोचलेले आहेत. या सगळ्यांनी आपापल्या परीने ऑगस्टिनचा आधार घेतला किंवा त्याच्याशी झुंज घेतली. पण बहुतेकांचा रोख त्याच्या नंतरच्या वादग्रंथांवर राहिला. मला वाटते, हा प्रश्न त्याने सर्वांत खरेपणाने मांडला तो या बागेत, कारण इथे त्याला कोणाला हरवायचे नाही.

ऑगस्टिन मूळचा उत्तर आफ्रिकेतल्या थागास्तेचा. 384 मध्ये तो वक्तृत्वाचा प्राध्यापक म्हणून मिलानला आला, आणि मिलान तेव्हा सम्राटाच्या दरबाराचे शहर होते. त्याआधी सुमारे नऊ वर्षे तो मणीच्या पंथात होता. तो पंथ सांगे की जगात दोन तत्त्वे आहेत, एक प्रकाशाचे, एक अंधाराचे, आणि माणसाच्या आतली ओढाताण म्हणजे त्या दोन परक्या शक्तींची लढाई. ही समजूत फार सोयीची आहे. पाप करणारा मी नव्हेच, माझ्यात शिरलेले दुसरे कोणीतरी आहे, असे म्हणून मोकळे होता येते. बागेतल्या प्रसंगाच्या ऐन मध्यावर ऑगस्टिन या समजुतीचा हिशेब चुकता करतो आणि त्यासाठी उदाहरणे अगदी रस्त्यावरची घेतो. एखादा माणूस नाटकाला जावे की मणीपंथीयांच्या बैठकीला, अशा पेचात आहे. दुसऱ्याला एकाच वेळी सर्कशीची, नाटकाची, परक्या घरात चोरी करण्याची आणि व्यभिचाराची संधी चालून आली आहे. आता ओढी चार, आणि चारही वाईट. मग माणसात चार तत्त्वे आहेत म्हणायचे का? नाही. माणूस एकच, पण पुरता कुठेच नाही. हात ऐकतो आणि मन ऐकत नाही याचे त्याचे उत्तर हेच आहे: मनाने पुरती इच्छा केलेली नसते, म्हणून हुकूमही अर्धाच सुटतो. इच्छा करणारा मी होतो, नको म्हणणाराही मीच होतो, हे वाक्य लिहिणे सोपे नाही. त्यात पळवाट एकही उरत नाही.

या अर्ध्या इच्छेची वंशावळ तो आधीच सांगून ठेवतो. आपण साखळदंडात होतो, पण तो दुसऱ्याच्या लोखंडाचा नव्हता, आपल्याच इच्छेचा होता, असे तो म्हणतो. इच्छा वाकडी झाली तेव्हा वासना जन्मली. वासनेची चाकरी केली तेव्हा सवय लागली. सवयीला अडवले नाही तेव्हा ती गरज होऊन बसली. कडीत कडी. इथे मी नेहमी रेंगाळतो, कारण पुढच्या साऱ्या वादाचे मूळ या कड्यांत आहे. माणूस मोकळा आहे की बांधलेला, असे विचारले तर ऑगस्टिनचे उत्तर एका शब्दाचे नाही. मोकळ्या हाताने त्याने बेडी घडवली, आणि आता ती त्याच्या मोकळ्या हाताने तुटत नाही. ‘कळतं पण वळत नाही’ ही आपल्याकडची रोजची तक्रार त्याने मुळापर्यंत खणून काढली आहे. लगेच तो झोपेचे उदाहरण देतो. उठायला हवे हे झोपलेल्याला ठाऊक असते, सदासर्वदा झोपून राहावे असेही कोणाला वाटत नसते, तरी अजून थोडा वेळ, अजून थोडा वेळ, असे म्हणत तो पडून राहतो. तारुण्यात आपण देवाकडे शुद्ध आचरण मागितले खरे, पण इतक्यात नको अशी पुस्ती जोडली, हेही तो सांगून टाकतो. ही प्रार्थना जगभर गंमत म्हणून सांगितली जाते. मूळ जागी वाचली की तिच्यातली भीती जाणवते: देव ऐकेल आणि खरोखरच लगेच देईल, याची भीती.

या भागाची रचना पाहण्यासारखी आहे. ऑगस्टिन बागेत एकटा पोचत नाही, गोष्टी ऐकत ऐकत पोचतो. वृद्ध सिम्प्लिशियानस त्याला व्हिक्टोरिनसची हकीकत सांगतो. हा रोमचा नामांकित पंडित खासगीत स्वतःला ख्रिस्ती म्हणवी आणि देवळात का येत नाहीस विचारले तर भिंतींनी का कोणी ख्रिस्ती होतो, असे हसून टोलवी. शेवटी तोच भर सभेत उभा राहून श्रद्धेची कबुली देतो आणि लोक त्याच्या नावाचा गजर करतात. मग एके दिवशी पाँटिशियानस नावाचा आफ्रिकेचाच दरबारी माणूस घरी येतो. त्याचे काहीतरी काम होते. काय काम, ते ऑगस्टिन सांगतही नाही. खेळाच्या मेजावर पडलेले पुस्तक तो सहज उचलतो. ते निघते पौलाच्या पत्रांचे. त्यावरून इजिप्तच्या तपस्वी अँटनीचा विषय निघतो, त्यावरून ट्रियरच्या दोन अधिकाऱ्यांचा. सम्राट दुपारी सर्कशीचे खेळ पाहण्यात गुंतला असताना ते दोघे फिरायला बाहेर पडले होते. एका झोपडीत त्यांना अँटनीचे चरित्र सापडले, आणि ते वाचून तिथल्या तिथे त्यांनी नोकरी सोडली.

देवाचे सार्वभौमत्व म्हटले की डोळ्यांपुढे सिंहासन येते. ऑगस्टिनने मात्र ते दाखवले आहे एका पाहुण्याच्या विसरलेल्या कामात, खेळाच्या मेजावर राहिलेल्या पुस्तकात आणि दोन अधिकाऱ्यांच्या दुपारच्या फेरफटक्यात. यातल्या कोणावरही जबरदस्ती झालेली नाही. प्रत्येक जण आपल्या मर्जीने आला, बोलला, गेला. आणि तरी हकीकत ऐकत असताना देव मला माझ्याच पाठीमागून काढून माझ्यासमोर उभा करत होता, असे ऑगस्टिन म्हणतो. त्याने स्वतःला पाठीशी टाकले होते, कारण स्वतःकडे पाहायचे नव्हते. इतकी नेमकी प्रतिमा मी दुसरीकडे वाचलेली नाही.

त्यानंतर बाग. जुन्या सवयी अंगाच्या कातड्याला धरून हलकेच ओढतात, आता आम्हाला कायमचे सोडणार का, असे पाठीमागून कुजबुजतात. समोरून संयम येतो, तो स्त्रीच्या रूपात. ती प्रसन्न आहे, तिच्याभोवती कितीतरी तरुण मुले-मुली, वृद्ध विधवा आहेत, आणि ती थट्टेने हसते आहे. या थट्टेत धीर आहे. या साध्या माणसांना जमले ते तुला जमू नये? आणि त्यांना तरी ते स्वतःच्या जोरावर जमले का? स्वतःच्या पायांवर उभा राहायला जातोस म्हणून तर तोल जातो. देवावर झोकून दे, तो बाजूला होणार नाही. तिच्या बोलण्याचा आशय हा आहे. पुढे ज्यावरून पक्ष पडले त्या दोन्ही गोष्टी तिच्या एका दमात आल्या आहेत. सामर्थ्य तुझे नाही, आणि झोकून द्यायचे मात्र तूच. तिने ऑगस्टिनला उचलून नेले नाही.

अंजिराच्या झाडाखाली तो रडत असताना शेजारच्या घरातून मुलाचा की मुलीचा आवाज येतो, उचलून वाच असे काहीसे घोळवून म्हणणारा. तो रडणे थांबवतो. मुलांच्या कुठल्या खेळात असे शब्द असतात का, हे आठवून पाहतो, आठवत नाही, आणि मग ही देवाचीच आज्ञा आहे असा अर्थ लावतो. अर्थ लावणारा तो आहे. तो उठतो, मित्र अलिपियस बसला होता तिथे जातो, पुस्तक हातात घेतो, उघडतो, मुकाट्याने वाचतो. पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायाची ती शेवटची ओळ संपते आणि हृदयात प्रकाश पसरतो. इथवरच्या साऱ्या क्रिया त्याच्या, आणि प्रकाश त्याचा नव्हे. पण दोहोंतला सांधा कुठे आहे तो बोट ठेवून दाखवता येत नाही. भाग संपत येतो तेव्हा तो देवाला सांगतो की तूच मला तुझ्याकडे वळवलेस. आणि पुढच्या, नवव्या भागाच्या आरंभी विचारतो, इतकी वर्षे माझी स्वतंत्र इच्छा होती कुठे? कोणत्या खोल गुप्त जागेतून एका क्षणात तिला हाक मारून बाहेर काढलेस? मला हा प्रश्न साऱ्या ग्रंथाचा कणा वाटतो. कृपा आली आणि इच्छा निघून गेली, असे तो म्हणत नाही. कृपा आली तेव्हा इच्छा पहिल्यांदा सापडली.

हे लक्षात घेतले नाही तर पेलेगियसचा संताप रास्त वाटेल. ब्रिटनहून आलेला हा तपस्वी रोममध्ये उमरावांना सदाचार शिकवत असे. ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात ऑगस्टिन देवाला विनवतो की तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचे बळ आधी दे, मग हवी ती आज्ञा कर. एका बिशपने रोममध्ये ही विनवणी पेलेगियससमोर उच्चारली तेव्हा त्याला ती सहन झाली नाही, अशी आठवण ऑगस्टिननेच उतारवयात लिहून ठेवली आहे. पेलेगियसची तळमळ खोटी नव्हती. बळ मिळाले नाही म्हणून पाप घडले, असे म्हणायला आळशी माणूस टपलेलाच असतो. देव अशक्य आज्ञा करणार नाही, हा त्याचा देवाच्या न्यायावरचा विश्वास होता. 418 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने त्याची शिकवण धिक्कारली तरी ही तळमळ विझली नाही, विझूही नये. पण ज्याने केस उपटत, गुडघा आवळत तो तास काढला, त्याला निव्वळ आज्ञा पुरी पडत नाही हेही तितकेच खरे आहे.

उतारवयातला ऑगस्टिन मला या बागेइतका जवळचा वाटत नाही. कृपा कोणाला मिळणार हे देवाने आधीच ठरवले आहे, हे तो उत्तरोत्तर कठोरपणे मांडत गेला. बाप्तिस्म्याविना मेलेल्या अर्भकांविषयी त्याने जे लिहिले ते वाचवत नाही. हाड्रुमेटमच्या मठातल्या साधूंनी त्या काळात विचारले की सगळे कृपेनेच घडत असेल तर चुकणाऱ्याला रागे का भरायचे? प्रश्न बिनतोड होता. ऑगस्टिनने त्यावर ग्रंथ लिहिला, पण त्या ग्रंथाने मला कधी पटवले नाही. बीज मात्र जुनेच होते. ‘कन्फेशन्स’ हाती घेण्याच्या थोडे आधी त्याने सिम्प्लिशियानसलाच लिहिलेल्या उत्तरात हा निष्कर्ष काढला होता. इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने आपण खूप झटलो, पण देवाची कृपा जिंकली, असे त्या उत्तराविषयी त्याने पुढे नमूद केले. म्हणजे बागेची हकीकत लिहिताना निकाल त्याच्या मनात लागलेला होता. तरीही लिहिताना त्याने झुंज झाकली नाही, हे मला त्याच्या लेखणीचे मोठेपण वाटते. वादग्रंथांत देवाविषयी बोलणे आहे, इथे देवाशी बोलणे आहे, आणि समोर बसलेल्याशी बोलताना त्याच्या कृपेचे सूत्र बांधता येत नाही.

अलिपियसकडे वाचकांचे सहसा लक्ष जात नाही. ऑगस्टिन बोट किंवा असेच काही पानात खूण म्हणून ठेवून पुस्तक मिटतो आणि घडले ते त्याला सांगतो. अलिपियस ते पान पाहायला मागतो, पुढची ओळ वाचतो, दुर्बळ श्रद्धेच्या माणसाला आपलेसे करा असे तिथे आहे, आणि ती ओळ स्वतःला लागू करून तो मित्राच्या सोबतीला उभा राहतो. रडणे नाही, केस उपटणे नाही, त्याच्या बाबतीत आवाजाचाही उल्लेख नाही. दोघे घरात जाऊन मोनिकेला सांगतात. मुलासाठी वर्षानुवर्षे रडलेली ती आई आनंदाने भरून जाते. 387 च्या ईस्टरला दोघांनी मिलानमध्येच बाप्तिस्मा घेतला. अलिपियस पुढे थागास्तेचा बिशप झाला आणि पेलेगियसच्या अनुयायांविरुद्धच्या वादात ऑगस्टिनच्या बाजूने इटलीपर्यंत गेला. एकच बाग, एकच दिवस, एकच पुस्तक. एकाला साखळदंड तोडताना जीव अर्धा झाला, दुसऱ्याने पान उलटावे तसा निर्णय घेतला. या फरकाचे कारण ऑगस्टिनने दिलेले नाही. अलिपियस पहिल्यापासून स्वभावाने आपल्याहून कितीतरी चांगला होता, एवढेच तो मायेने सांगतो.