‘टँक’ : एका शब्दाचे स्थलांतर आणि व्युत्पत्तीची मर्यादा

शब्दाचे मूळ सापडले की त्याचा अर्थ हाती लागला, आणि ते मूळ ‘आपले’ निघाले की शब्दही आपला झाला, अशी एक धारणा आपल्या व्युत्पत्तिविचारात खोलवर रुजलेली आहे. ‘टँक’ या अगदी परिचित इंग्रजी शब्दाच्या आधारे ही धारणा तपासून पाहणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. त्यासाठी तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्याइतका उद्बोधक प्रदेश क्वचितच आढळेल.

यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशात या शब्दाच्या दोन कुळांची चर्चा आहे. एक पोर्तुगीज ‘तांके’चे. फ्रेंच व स्पॅनिश भाषांत त्याचे सगोत्र शब्द आहेत आणि ही परंपरा लॅटिन ‘स्ताग्नुम’पर्यंत नेली जाते. दुसरे गुजराती-मराठी ‘टांके’चे. ध्वनी आणि अर्थ या दोन्ही कसोट्यांवर दोन्ही कुळे उतरतात. त्यांपैकी एक खरे ठरवून दुसरे बाद करण्यापेक्षा, पश्चिम किनाऱ्यावर दोन प्रवाह एकमेकांत मिसळले आणि त्या संगमातून इंग्रजी शब्द स्थिरावला, असे मानणे अधिक सयुक्तिक होय. मूळ एकच असले पाहिजे हा आग्रह वस्तुस्थितीचा नसून अभ्यासकाच्या सोयीचा असतो.

परंतु खरा प्रश्न मुळाचा नाही, अर्थाचा आहे. मराठीत ‘टाकी’ म्हणजे पाथरवटाची छिन्नी, आणि ‘टाके’ म्हणजे कातळात खोदलेला जलाशय. गडकोटांवरील टाकी या अर्थाची साक्ष देतात. भंडाऱ्यातील तलाव मात्र खोदलेले नाहीत, मातीची पाळ घालून अडवलेले आहेत. साकोली तालुक्यातील एकोडीच्या परिसरात तलाव आणि बोडी हे शब्द चालतात. त्यांना ‘टाके’ कोणी म्हणणार नाही. टाके, कुंड, पुष्करिणी, बोडी, तलाव या भिन्न रचनांना प्रशासकीय इंग्रजीने ‘टँक’ हे एकच नाव दिले. शब्द कदाचित आपल्याकडूनच गेला. त्याच्या अर्थाची सीमा मात्र दुसऱ्याने आखली.

विल्यम एम्पसन यांनी ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स’ (१९५१) या ग्रंथात असे दाखवले आहे की, शब्दाच्या अनेक अर्थांतील परस्परसंबंध हे स्वतःच एक गर्भित विधान असते. ‘टँक’मधील विधान ‘जलाशय म्हणजे पात्र’ असे आहे. पात्राला क्षमता असते, मालक असतो. तलावाभोवतीच्या शब्दसंग्रहात मात्र पाळ आहे, पाणी सोडण्याचे तुडूम आहे, पाण्याच्या पाळ्या आहेत, ढिवरांची मासेमारी आहे. तेथे तलाव ही वस्तू नसून संबंधांची व्यवस्था आहे.

या शब्दाच्या इतिहासात १९१६ हे वर्ष लक्षणीय आहे. त्या वर्षी रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला; त्यात वैनगंगेच्या खोऱ्यात तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाची नोंद आहे. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला सॉमच्या रणभूमीवर ‘टँक’ प्रथम उतरले. गुप्ततेसाठी, ही पाण्याची पात्रे आहेत असे भासवण्याकरिता, दिलेले हे नाव कायम झाले. येथे अर्थविस्तार साम्यातून झालेला नाही, फसवणुकीतून झालेला आहे. मराठीने ‘रणगाडा’ हा शब्द घडवून ती फसवणूक नाकारली आणि वस्तूचे कार्य सांगितले.

जलाशयाच्या बाबतीत मात्र मराठीला असे करता आले नाही. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात येऊन तलाव शासनाकडे गेले, आणि शासकीय मराठीत त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’, संक्षेपाने ‘मामा तलाव’, असे झाले. ज्याचा हक्क कायद्याने संपला त्याचे नाव तलावाला चिकटले. ज्यांनी पाळ घातली त्या कोहळींचे नाही. ‘मामा’ या संक्षेपातील आपुलकी फसवी आहे. तिच्याआड ‘माजी’पणा झाकला जातो, आणि मालकी बदलली म्हणजे संबंधही बदलले असा समज रूढ होतो.

अशा वेळी स्वकीय मुळाचा आधार घेण्याचा मोह होतो. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. ‘बोडी’शी त्याचे ध्वनिसाम्य कोणालाही जाणवेल. परंतु मधल्या शतकांतील रूपांची साखळी हाती नसताना या साम्यावर व्युत्पत्ती उभारणे अशास्त्रीय ठरेल. शिवाय ‘पोढी’ कातळातली, बोडी मातीची. आणि समजा, ते नाते उद्या सिद्ध झाले, तरी बोडीचा आजचा अर्थ कान्हेरीत सापडणार नाही. तो तिच्या पाण्यावर कोणाचा कोणता हक्क आहे, यातच शोधावा लागेल. व्युत्पत्ती शब्दाचा प्रवास सांगते. शब्दावर कोणाची सत्ता चालते, हे सांगण्याची जबाबदारी समीक्षेची आहे.