फेलानंतरचे आफ्रोबीट

आफ्रोबीट ही संगीतशैली फेला कुटी (१९३८–१९९७) आणि त्याचा ड्रमवादक टोनी ॲलन यांनी १९७० च्या आसपास नायजेरियातील लेगॉस शहरात घडवली. पश्चिम आफ्रिकेतले हायलाइफ, योरुबा ताल, जॅझ आणि अमेरिकी फंक तिच्यात एकजीव झाले. बंडाचा वारसा फेलाच्या घरातलाच होता. त्याची आई फुन्मिलायो रॅन्सम-कुटी यांनी १९४० च्या दशकात अबेओकुटा शहरातील बायकांना संघटित करून त्यांच्यावरील कराविरुद्ध लढा उभारला होता. १९६९ च्या अमेरिका दौऱ्यात फेलाची ब्लॅक पँथर चळवळीच्या विचारांशी ओळख झाली आणि त्याचे संगीत राजकारणाकडे वळले. मुंबईत १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतले ते याच चळवळीचे.

फेलाचा निषेध शब्दांइतकाच रचनेत भिनलेला आहे. १९७६ चे ‘झॉम्बी’ बारा मिनिटांहून मोठे आहे आणि त्यात बराच वेळ गाणे सुरूच होत नाही. गिटार आणि बास आपापला छोटासा तुकडा घोळवत राहतात, वर सॅक्सोफोन चढत जातो. मग फेला पिजिन इंग्रजीत कवायतीचे हुकूम सोडू लागतो आणि कोरस त्यांना ठरलेल्या पालुपदाने उत्तर देतो. श्रोत्याचे पाय ठेका धरून असतात, तेवढ्यात सैनिकांच्या आंधळ्या आज्ञापालनाची सालटी निघतात. पिजिन ही सगळ्यांना समजणारी बोली असल्यामुळे हा मार योरुबा, इग्बो, हौसा अशा साऱ्यांपर्यंत पोहोचला.

सत्तेने त्याची किंमत वसूल केली. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी सुमारे हजार सैनिकांनी ‘कलाकुटा रिपब्लिक’ हे त्याचे घर जाळले आणि वृद्ध आईला खिडकीतून खाली फेकले. पुढच्या वर्षी त्या गेल्या. फेला शवपेटी घेऊन लष्करी सरकारच्या दारात गेला आणि त्यावरही त्याने गाणे केले. मात्र अशा आईच्या या मुलाने ‘लेडी’मध्ये बरोबरीचा हक्क मागणाऱ्या स्त्रीची टर उडवावी, ही त्याच्या कलेतली खरी उणीव आहे आणि ती झाकून चालत नाही.

आज शैलीच्या दोन वाटा दिसतात. फेलाचा थोरला मुलगा फेमी ‘न्यू आफ्रिका श्राइन’ या क्लबमध्ये गातो, धाकटा सेउन वडिलांचा ‘इजिप्त ८०’ हा वाद्यवृंद चालवतो. वादन कसदार आहे, पण साचा बहुतांशी वडिलांचाच. दुसरी वाट विझकिड, बर्ना बॉय यांच्या आफ्रोबीट्सची. त्यात हिप-हॉप आणि डान्सहॉल मिसळले आहेत, गाणी तीन-चार मिनिटांची आणि संगणकावर बांधलेली. राजकारण तिथे अधूनमधूनच डोकावते. फेलाचे एकेकाळचे व्यवस्थापक बेन्सन इडोनिजे यांचा नातू असलेल्या बर्ना बॉयने २० ऑक्टोबर २०२० रोजी लेगॉसमधील लेक्की टोलनाक्यावर आंदोलकांवर सैनिकांनी केलेल्या गोळीबारावर धाडसाने गाणे केले. त्याच्या एकूण गाण्यांत अशी राजकीय गाणी थोडीच.

हरवली आहे ती फेलाची कार्यशाळा. तो नवे गाणे आधी ‘श्राइन’ या आपल्या क्लबमध्ये श्रोत्यांसमोर वाजवून मुरवत असे, ध्वनिमुद्रण नंतर. आणि एकदा मुद्रित झालेले गाणे रंगमंचावर पुन्हा घेण्यास तो सहसा नकार देई. मोठा वाद्यवृंद पोसणे महागडे, आणि स्ट्रीमिंगच्या श्रोत्याला पहिल्या काही सेकंदांतच सूर हवा असतो. फेलासारख्या लांबलचक युक्तिवादाला त्या बाजारात जागा उरलेली नाही.